उन्हाळी सुटी, आजोळ आणि लहान मुले

एप्रिलअखेर वार्षिक परीक्षा आटोपतात. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, प्राथमिक शाळांतून निकालपत्रके मुलांच्या हाती पडतात आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत राज्यातील एस.टी. स्थानकांचे रूपच पालटून जाते. कडेवर तान्हे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला चार-पाच वर्षांचे मूल आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकवून पुढे पळणारे थोरले भावंड, अशी माहेरी निघालेली कुटुंबे प्रत्येक फलाटावर दिसू लागतात. उन्हाळी सहल म्हटली की महाबळेश्वर आणि माथेरान ही नावे प्रथम आठवतात. तथापि राज्यातील बहुसंख्य कुटुंबांची उन्हाळी सहल म्हणजे आजोळी जाणे होय. या सहलीची कोणी जाहिरात करीत नाही, तिच्यासाठी कोठे आरक्षण कक्ष उघडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती आपोआप घडत आली आहे, आणि म्हणूनच तिच्या व्यवस्थेचा विचार सहसा कोणी करीत नाही.

आजोळी मुलांना काय मिळते हे सांगावयास नको. आंबरसाच्या पंगती, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया-पापडांची कावळ्यांपासून राखण, गोठ्यातील वासरू, रात्री गच्चीवर किंवा ओट्यावर एका रांगेत टाकलेली अंथरुणे आणि आजीच्या तोंडच्या गोष्टी ही सारी त्यांच्या वाढीची सामग्री आहे. चुलत-मामे भावंडांत राहून मूल वाटून खाण्यास, भांडण्यास आणि पुन्हा बोलू लागण्यास शिकते. त्याचबरोबर, ही सुटी मुलांइतकीच त्यांच्या आईचीही असते. वर्षभर घर, शेत किंवा नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीला माहेरपणाचे जे चार दिवस मिळतात, ते याच काळात.

नेमकी येथेच एक अडचण उभी राहते. आई विसाव्याला आलेली, आजी पाहुणचारात गुंतलेली, मामा लगीनसराईच्या धावपळीत आणि घर माणसांनी भरलेले. अशा घरात मुलाकडे सर्वांचे लक्ष आहे असे प्रत्येकाला वाटते. वस्तुतः त्या क्षणी ते कोणाचेच नसते. मे महिना हा आपल्याकडील अतिशय कडक उन्हाचा महिना. गाव मुलाला अनोळखी. जवळची विहीर कोणती, कोणत्या बांधाखाली पाणी आहे, कोणत्या दगडाखाली हात घालू नये, हे गावातल्या मुलाला कळते. पाहुण्या मुलाला ते कोणीतरी दाखवावे लागते. पाच वर्षांखालील मुलास तर आपल्याला तहान लागली आहे हेदेखील वेळेवर सांगता येत नाही. म्हणून या सुटीतील सुरक्षितता ही केवळ आईच्या दक्षतेवर सोपवून भागणारी बाब नाही. घराने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने मिळून करावयाचे ते काम आहे.

वाटेवरची व्यवस्था

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून आजोळची वाट बव्हंशी एस.टी.नेच तुडविली आहे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, हा नियम बहुतेक पालकांना ठाऊक असतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना विनामूल्य प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाल्याने आजी, आई आणि मुले यांच्या प्रवासाचा खर्च बराच खाली आला. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयोगटास मात्र एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. लांबच्या रात्रीच्या प्रवासाचा बेत आखताना ही गोष्ट विसरली जाते आणि मग एका शायिकेवर आई व दोन मुले अशी रात्र काढावी लागते.

प्रवासाची वेळ निवडणे हे तिकिटाइतकेच महत्त्वाचे. दुपारी बारा ते चार या वेळात पत्र्याच्या गाडीतून, खिडकीतून येणाऱ्या झळा सोसत केलेला चार तासांचा प्रवास थोरांना थकवितो. तान्ह्याला तो आजारी पाडू शकतो. पहाटे निघून अकराच्या आत पोहोचणे किंवा सायंकाळची गाडी धरणे, हा जुना शिरस्ता शास्त्रशुद्धच आहे. अनेक बसस्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष ठेवलेले आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाले असता घरी राहिलेल्या बाळासाठी अवघड कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या कथेवरून हे नाव आले. नाव सार्थ आहे. मात्र कक्षाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच माहीत नाही, अशी स्थिती असेल तर आजच्या हिरकणीला पुन्हा आडोसाच शोधावा लागतो. मे महिन्यात तरी हे कक्ष उघडे, स्वच्छ आणि पंखा चालू असलेले असावेत, हे स्थानकप्रमुखांनी रोज एकदा पाहण्यासारखे आहे.

दुचाकीवरून मामाच्या गावी जाणाऱ्या कुटुंबांची संख्याही मोठी आहे. पेट्रोलच्या टाकीवर एक मूल, मध्ये एक आणि मागे आईच्या मांडीवर तिसरे, हे दृश्य नित्याचे झाले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सुधारणेनुसार १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक आहे. चारचाकीच्या बाबतीत एकच गोष्ट ठामपणे सांगावयास हवी : उभ्या, बंद मोटारीत मूल पाच मिनिटेदेखील एकटे ठेवू नये. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील तपमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढते आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. बाहेर ४० अंश असेल तर आत काय होत असेल, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

ज्यांना आजोळ नाही किंवा ज्यांना दोन दिवस थंड हवेत काढावयाचे आहेत, त्यांनी मुलांच्या दृष्टीने ठिकाण निवडावे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये प्रकाशात आणलेले माथेरान या बाबतीत वेगळे ठरते. सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गावात खाजगी मोटारींना प्रवेश नाही; त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्यामुळे मुलाचा हात सोडला तरी चालेल अशी थोडी जागा तेथे मिळते. नेरळहून वर जाणारी, १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फूट रुंदीच्या रुळांवरील गाडी हाच मुलांचा अर्धा आनंद असतो. कड्यांच्या टोकांशी मात्र हात पुन्हा धरावा लागतो. विदर्भातील कुटुंबांना चिखलदरा जवळचे, आणि तेथील कॉफीचे मळे मुलांना दाखविण्यासारखे आहेत.

ऊन आणि मुलाचे शरीर

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे उन्हाच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. त्यामुळे भोवतालची हवा शरीरापेक्षा उष्ण झाली की बाहेरची उष्णता मुलाच्या अंगात अधिक वेगाने शिरते. धावताना-खेळताना मुलाच्या शरीरात वजनाच्या मानाने उष्णता जास्त निर्माण होते. उलट घाम येण्याची त्याची क्षमता थोरांपेक्षा कमी असते. खेळात रमलेले मूल तहान विसरते आणि तान्हे तर पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून. या चार कारणांमुळे ज्या उन्हात आजोबा छत्री घेऊन बाजार करून येतात, त्याच उन्हात नातू सायंकाळपर्यंत तापाने फणफणतो.

महाराष्ट्रात उन्हाचे प्रकारही दोन आहेत आणि कोकणातील आईला विदर्भातील किंवा विदर्भातील आईला कोकणातील ऊन परके असते. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम येताक्षणी सुकून जातो. अंग कोरडे दिसते म्हणून मुलाच्या शरीरातून पाणी गेलेच नाही असे वाटते. प्रत्यक्षात ते भराभर जात असते. किनारपट्टीवर पारा ३५-३६ वरच थांबतो, पण हवेतील दमटपणामुळे घाम सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होते. नुसता वाहिल्याने होत नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात कमाल तपमान ४० अंश झाल्यावर करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून आणि डोंगराळ भागात ३० अंशांपासूनच. कमाल तपमान नेहमीपेक्षा किती वाढले, हेही त्या वेळी पाहिले जाते. विदर्भातील शाळा जूनमध्ये राज्यातील इतर शाळांपेक्षा काही दिवस उशिरा उघडतात, त्यामागेही हेच कारण आहे.

मुलाच्या शरीरातील पाणी कमी होत असल्याची खूण ओळखणे अवघड नाही. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, ओठ-जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले, तान्ह्याची टाळू खोल गेली, की थांबू नये. त्यापुढची अवस्था म्हणजे उष्माघात. शरीराचे तपमान ४० अंशांच्या वर जाते, मूल चिडचिडे किंवा उलट सुस्त होते, बरळते, झटके येतात. या अवस्थेत तापाची गोळी उपयोगी पडत नाही, कारण हा रोगजंतूंचा ताप नसून शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. मुलाला सावलीत न्यावे, कपडे काढावेत, साध्या पाण्याने सर्वांग भिजवून जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. रुग्णालयात नेईपर्यंत अंग भिजविणे चालू ठेवावयाचे असते, हे विशेष. गाडी येण्याची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटे उपचाराविना जाता कामा नयेत.

तहान, बर्फ आणि जलसंजीवनी

सहा महिन्यांखालील बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा नियम मे महिन्यातही बदलत नाही. आईच्या दुधात पाण्याचे प्रमाण पुरेसे असते. ऊन वाढले की बाळाला अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः अधिक पाणी प्यावे. 'बाळाचा घसा सुकला' म्हणून थोरांनी चमच्याने पाजलेले पाणीच पुष्कळदा जुलाबाचे कारण ठरते. एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये, हेही आजोळच्या मंडळींना नम्रपणे सांगावे लागते. मोठ्या मुलांसाठी ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, नाचणीची आंबील ही आपल्या घरची पेये उत्तमच. मात्र ती ज्या पाण्यात केली ते पाणी उकळलेले किंवा क्लोरीन घालून शुद्ध केलेले असावे.

बर्फाच्या गोळ्याबद्दल दोन शब्द. जत्रेत किंवा शाळेच्या कोपऱ्यावर रंगीत गोळा खाणे हा मुलांचा हक्कच मानला जातो. परंतु मासळी किंवा इतर माल थंड ठेवण्यासाठी बनविलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे निर्देश दिले. गोळ्याच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर ती कशाची, हे मुलांनाही शिकवून ठेवावे.

जुलाब सुरू झालेच, तर औषधाच्या दुकानातील महागड्या बाटलीपेक्षा जलसंजीवनीचे पाकीट मोलाचे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले आणि जगाला हा उपाय पटवून दिला. आज जे पाकीट मिळते त्यात २०.५ ग्रॅम मिश्रण असते आणि ते एक लिटर पाण्यासाठी असते. बहुतेक चुका येथेच होतात. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने दिले जाते. द्रावण दाट झाले की ते अपाय करते. संपूर्ण पाकीट, संपूर्ण एक लिटर पाणी आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून देणे, एवढे पाळावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार फळपेयांच्या खोक्यांवरील नावांनी फसू नये. प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्याकडे पाकिटे व जस्ताच्या गोळ्या असतात. पाहुणे आले त्याच दिवशी दोन पाकिटे घरात आणून ठेवली, तर मध्यरात्री धावाधाव होत नाही.

विहीर आणि शेततळे

उन्हापेक्षाही अधिक काळजी करावी असा विषय पाण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल हाका मारत नाही, हात उंचावून पाणी उडवीत नाही. ते निमूटपणे पाण्याखाली जाते. दोन-तीन मिनिटांचा अवकाश पुरतो. रांगते मूल तर अंगणातील भरलेल्या बादलीत किंवा गुरांच्या हौदातही डोक्यावर पडू शकते.

आपल्याकडे पूर्वी भीती विहिरीची होती आणि गावांनी तिच्यावर कठडे, रहाट, लोखंडी जाळ्या असे उपाय शोधलेही होते. अलीकडे शिवाराचे रूप बदलले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' यासारख्या योजनांमुळे कोरडवाहू भागात शेततळी मोठ्या संख्येने झाली. फळबागा त्यांवर जगल्या, टंचाईच्या काळात गुरांना पाणी मिळाले. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. पण मुलांच्या दृष्टीने शेततळे विहिरीपेक्षा फसवे आहे, ते का हे नीट समजून घ्यावयास हवे.

विहीर खोल आणि अंधारी दिसते. मूल तिच्यापासून बिचकते. शेततळे उथळ आणि निळेशार दिसते. त्याची खोली साधारण तीन मीटर असते, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल इतकी. पाणी मुरू नये म्हणून त्याला प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते आणि बाजू तिरप्या असतात. या तिरप्या, ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. एकदा घसरलेल्या मुलाला वर येण्यासाठी पकडावयास काही नसते. चांगला पोहणारा तरुणदेखील कडेला येऊन पुन्हापुन्हा आत घसरतो. त्यातच मे महिन्याची गोष्ट अशी, की नदी, ओढा, जुनी विहीर हे सारे आटलेले असते आणि अस्तर असलेल्या शेततळ्यातच तेवढे पाणी शिल्लक असते. उन्हाने तापलेल्या मुलांची पावले आपोआप तिकडे वळतात. पाणी खाली गेल्यामुळे उघडे पडलेले निसरडे अस्तरही या दिवसांत अधिक लांब असते. भावाला वाचविण्यासाठी बहीण उतरते, तिला वाचविण्यासाठी तिसरे. एकाच घरातील दोन-तीन मुले एकदम जाण्याच्या दुर्घटना अशाच घडतात.

उपाय खर्चिक नाहीत. तळ्याभोवती मुलाला ओलांडता येणार नाही असे तारेचे किंवा जाळीचे कुंपण आणि कडी लावता येईल असे फाटक हा पहिला. चारही बाजूंनी खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले, हात-दीड हातावर गाठी मारलेले जाड दोर हा दुसरा. दोन जुने टायर एकमेकांना बांधून केलेली शिडी अस्तराला इजा न करता पाण्यापर्यंत सोडता येते. काठावर दोरी बांधलेले, घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन टांगून ठेवले, तर बुडणाऱ्याकडे फेकावयास ते उत्तम. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये. दोर, बांबू, साडी, धोतर जे हाताशी असेल ते फेकावे, हा धडा शाळेने सुटी लागण्यापूर्वी प्रत्यक्ष करून दाखवावा. बाहेर काढलेल्या मुलाचे पोट दाबणे किंवा त्याला उलटे धरून गरगर फिरविणे, या जुन्या समजुतीत मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर नाक-तोंड मोकळे करून तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावयाचे असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हे प्रात्यक्षिक तासाभरात शिकवू शकतात.

आणखी एक उपाय शेजारच्या देशातून घेण्यासारखा आहे. बांगलादेशात पाणी घरापासून दोन पावलांवर. तेथील खेड्यांत 'आंचल', म्हणजे पदर, या नावाने पाळणाघरे चालविली गेली. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात गावातीलच एखादी प्रशिक्षित स्त्री आसपासच्या घरांतील लहान मुलांना आपल्या ओसरीवर सांभाळते. आया कामात असतात आणि मुले पाण्यात जातात ती याच वेळात, हे पाहून ती वेळ ठरविली गेली. या व्यवस्थेने लहान मुलांचे बुडून होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले. आपल्याकडे उन्हाळ्यात धोक्याची वेळ थोडी पुढे सरकते. दुपारी जेवणे होऊन थोरांना डुलकी लागते आणि मुलांना झोप येत नाही, ते बारा ते चारचे तास. समाजमंदिर, शाळेची एखादी खोली किंवा चावडीचा ओटा या वेळेपुरता उघडा ठेवून पंखा, पिण्याचे पाणी, चार खेळ आणि आळीपाळीने दोन जाणती माणसे एवढी सोय झाली, तरी पुष्कळ साधेल. घरापुरते बोलावयाचे तर, कोणत्या तासाला मूल कोणाकडे, हे नाव घेऊन ठरविणे हाच उपाय. ते नाव दर वेळी आईचेच असू नये.

समुद्राकाठच्या गावांना वेगळी सूचना हवी. मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची ओढ जबर असते. कोळी बांधव नको म्हणतील त्या दिवशी पाण्यात पाय घालू नये. तीच खरी वेधशाळा.

कोकणात उन्हाळ्याच्या अखेरीस लाल विंचवाचाही त्रास वाढतो. त्याचा दंश लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतो. महाड परिसरातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत अशा रुग्णांपैकी अनेक जण दगावत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. विंचू चावल्यानंतर मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, तर उतारा आणि मंत्र यांत वेळ न दवडता सरळ आरोग्य केंद्र गाठावे. अंथरुण झटकून घालणे, चप्पल आपटून पायात घालणे आणि लाकडांच्या ढिगाजवळ मुलांना खेळू न देणे या गोष्टी पहिल्याच दिवशी पाहुण्यांना सांगाव्यात.

१ मेची ग्रामसभा

१ मे हा निकालपत्राचा दिवस तसाच तो ग्रामसभेचाही दिवस. या सभेपुढे एखादा छोटा विषय ठेवता येईल : गावात येणारी मुले. गावातील उघड्या विहिरी, शेततळी, टाकी यांची यादी करणे. ज्यांचा कठडा ढासळला आहे त्यांची दुरुस्ती सार्वजनिक असेल तर पंचायतीने आणि खाजगी असेल तर मालकाने पंधरा दिवसांत करणे. बसथांब्यावर सावली आणि झाकलेल्या पाण्याचा रांजण ठेवणे. टँकरचे पाणी येत असल्यास त्यात क्लोरीन पडते की नाही हे पाहणे. शिक्षक सुटीवर असले तरी गावातील शाळकरी मुलांना पाहुण्या भावंडांचे वाटाडे नेमून देणे त्यांना जाण्यापूर्वी जमते, आणि ही जबाबदारी मुले फार मनापासून पार पाडतात. अहमदाबाद शहराने २०१० च्या उन्हाळ्यात मोठी हानी सोसल्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आखला. पुढे नागपूरसारख्या शहरांनीही तसे आराखडे केले. त्यांतील बहुतेक कामे पूर्वसूचना, सावली, पाणी आणि कोणी काय करावयाचे हे आधी ठरविणे अशीच आहेत. खेड्याच्या मापाने ती एका पानावर मावतील.

जूनच्या मध्यास पाहुणी मुले परत जातात आणि गाव पुन्हा शांत होते. तेव्हा शेततळ्याभोवतीचे कुंपण काढून दुसरीकडे वापरण्याचा मोह होतो. पण मृगाचा पाऊस लागला की हीच तळी काठोकाठ भरतात, आणि गावची मुले गावातच असतात.